डाव्या कानाची दामटी

गेनबातात्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. बाकीची नऊ नखं शेतकऱ्याची असतात तशीच, मातीनं झिजलेली. हे एक मात्र राखलेलं, पायरीच्या दगडावर घासून धार लावलेलं. मी शेळगावच्या हायस्कुलात भूमिती शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली, आणि पहिले काही दिवस मी त्या नखाचा विचार करण्यात घालवले. मला वाटलं, तंबाखूची पुडी फोडायला असेल. आमचे हेडमास्तर म्हणाले, म्हातारा तरुणपणी तुणतुणं वाजवत असणार. तात्या तंबाखू खात नव्हते, आणि गाण्याबद्दल त्यांची एकच चौकशी असायची, ते संपणार कधी.

नख बिस्किटांसाठी होतं.

हे वाक्य मी त्यांच्यासमोर लिहू शकलो नसतो. ‘बिस्कीट’ हा शब्द त्यांना चालत नसे. ‘नानकटाई’ तर त्याहून नाही. ‘कुकी’ हा शब्द त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आला. त्याचं काय झालं ते पुढं येईलच. त्यांच्या घराण्यात चालत आलेल्या वस्तूचं नाव होतं दामटी. पीठ हातानं दामटून करायची, म्हणून दामटी.

“नावात कसं, केलं काय ते कळतंय,” ते म्हणायचे. “आता बिस्कीट. बिस्कीट म्हंजी काय केलं, सांगा बरं मास्तर?”

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

दामटीत तसं विशेष काही नव्हतं. गव्हाचं पीठ, त्याच्या निम्मं जोंधळ्याचं, दोन्ही खरपूस भाजलेली. गूळ, तूप, मीठ आणि जाडसर कुटलेली बडीशेप. तूप पूर्वी मेंढीच्या दुधाचं, आता गाईचं. पाण्याचा थेंब नाही. प्रमाण विचारलं तर तात्या मूठ पुढं करायचे. “पीठ मुठीत दाबायचं. मूठ उघडली की मुटका ऱ्हायला पायजे, आन् बोट लावलं की हसला पायजे.” हसला म्हणजे उलला, फुटला. हे प्रमाण त्यांच्या पणज्यापासून चालत आलं होतं आणि एवढ्या प्रवासात त्यात एकदाही ग्रॅम हा शब्द शिरला नव्हता. दामटी महिनाभर टिकायची. टिकणं तिला भागच होतं, कारण ती मुळात घरात बसून खायची वस्तू नव्हती.

तात्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचं, ते थेट उन्हाळ्याच्या शेवटी माघारी. वाटेवर खायला दामटी. दोन-चार घरांचे कळप एका तळावर उतरत आणि निखाऱ्यांच्या एकाच आरावर, दोन तव्यांच्या मधे, सगळ्यांच्या दामट्या भाजल्या जात. मग कुणाची कुठली हे कळणार कसं? त्या माणसांना या प्रश्नाचं एकच उत्तर ठाऊक होतं. मेंढरू ओळखतात तसं. प्रत्येक कळपाची कानाची खूण ठरलेली असे; तात्यांच्या घराण्याची म्हणजे डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा. तीच खूण अंगठ्याच्या नखानं दामटीच्या कडेवर आली. ती करायची घरातल्या कारभारी माणसानं. मळायला, थापायला, भाजायला कुणीही बसावं. कान करायचा तो एकानंच.

पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तात्या कारखान्याचे सभासद झाले, दारात ट्रॅक्टर उभा राहिला. “मेंढरं इकली,” ते म्हणायचे, “कान तेवढा ठिवला.”

ऊस त्यांनी चांगला केला, पण उसाबद्दल त्यांच्या मनात आदर कधी निर्माण झाला नाही. “ह्याला पाय न्हाईत. ह्याची राखण काय करायची?” असं ते बांधावर उभं राहून म्हणत, आणि त्यांचा चेहरा चुकीच्या वर्गात बसवलेल्या मुलासारखा दिसे. चालण्याची सवय मात्र जुनीच राहिली. दोघं-तिघं मिळून कुठं निघालो की तात्या मागं. पुढं व्हा म्हटलं तरी मागंच. “मागनं चालावं, म्हंजी समदी दिसत्यात.” दुसरी सवय मोजणीची. सभेला, लग्नाला गेले की मांडवाच्या तोंडाशी थांबून एक नजर टाकायचे आणि आकडा सांगायचे. एकदा व्यासपीठावरून कुणी तरी “हजारोंच्या संख्येनं उपस्थित” असं म्हणालं. माझ्या शेजारी तात्या पुटपुटले, “दोनशे आठरा. त्यातली चार कुत्री.”

पहिल्या दिवाळीला त्यांनी ताटलीतून दामटी आणून दिली. मी ती फिरवून फिरवून पाहिली आणि भूमितीच्या माणसाला येणारी शंका विचारली.

“तात्या, गोल वस्तूला डावी बाजू कशी असेल?”

त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. दामटीवर दाबताना उमटलेले तीन बोटांचे ठसे होते. “ही बोटं कुणीकडं गेल्यात?”

“वर.”

“म्हंजी त्वांड तिकडं. मेंढरू तिकडं चाललंय. आन् आपुन कुठं हाय?”

“कुठं?”

“मागं! मेंढराच्या मागनं चालतो आपुन. त्याचा डावा त्यो आपला डावा. पोरान्ला शिकिवता तरी काय तुमी?”

दिशा सांगायची तर आधी बघणारा कुठं उभा आहे ते ठरवावं लागतं, हे मी वर्गात फळा भरून सांगत असे आणि मागच्या बाकांवरची मुलं झोपत. दुसऱ्या दिवशी मी दामटी घेऊन वर्गात गेलो. कुणी झोपलं नाही. दामटी मात्र परत आली नाही.

डाव्या कानावर एवढा जोर असण्याचं कारण शेजारच्या अंथुर्णे गावात राहत होतं. त्याचं नाव बबनराव. तात्यांच्या पणज्याला दोन मुलगे. कळपाची वाटणी झाली तेव्हा एकानं डावा कान ठेवला, दुसऱ्यानं उजव्या कानाला खाचा पाडल्या. तेव्हापासून दोन्ही घरं आपलंच घर थोरलं समजतात. अंथुर्ण्याच्या भावकीत दामटी दोन पिढ्यांमागंच बंद पडली होती. कशी करायची हेही कुणाला आठवत नव्हतं. कान मात्र ते विसरले नव्हते. बबनरावांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मेंढराचं डोकं रंगवलेलं होतं, उजव्या कानाला दोन खाचा. आणि इकडं तात्यांचा अंगठा कधी चुकून उजवीकडं गेलाच, तर ती दामटी भट्टीपर्यंत जात नसे. “अंथुर्ण्याला गेली,” एवढंच म्हणून ते ती मोडून पुन्हा पिठात घालत.

आता बेकरी. आमच्या भागात दिवाळीआधी बेकऱ्यांपुढं रांगा लागतात. घरून पीठ-तूप-साखर न्यायची आणि भट्टीतून बिस्किटं पाडून आणायची. पत्र्याचे डबे, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, आणि डब्यांवर बसलेल्या बायका. तूप आपलंच आणि सगळंच पडतंय ना हे बघायला प्रत्येकीला तिथं हजर राहावं लागतं. तात्या दरवर्षी बारामतीच्या एका बेकरीत जायचे. त्या रांगेत धोतर आणि पागोटं एकच.

“तात्या, बायामान्सांत उभं ऱ्हाता ते? घरात कुनी न्हाय का?” बायका विचारत.

“म्या रांगंत न्हाय. राखणीला हाय.”

बेकरीचे मालक चाचा आतून ओरडत, “नानकटाईवाले तात्या आले! ट्रे खाली करा!”

“नानकटाई न्हाय चाचा. दामटी.”

“वही तो.”

“त्येच न्हाय.”

हा संवाद मी स्वतः सहा-सात दिवाळ्या ऐकला. दोघांपैकी एकानंही आपलं म्हणणं बदललं नाही, आणि मला वाटतं, बदललं असतं तर दुसरा घाबरला असता.

एका वर्षी गर्दीत चिठ्ठ्या निघाल्या आणि डबे बदलले. शेळगावात येऊन तात्यांनी डबा उघडला तर आत लाल-हिरवी टुटीफ्रुटी लावलेली बिस्किटं. तात्यांचा चेहरा कळपात उंट शिरल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही सोबत होतो. चाचांनी वही चाळून कन्हेरीचं एक नाव सांगितलं. आम्ही कन्हेरीला पोचलो तेव्हा त्या घराच्या ओट्यावर एक मुलगी दामटी खात बसली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, नाव सुरेखा.

“ही आमची हायत,” तात्या म्हणाले.

तिचे वडील बाहेर आले. “कशावरनं?”

“कान बगा.”

पुढची दहा मिनिटं त्या गृहस्थांना कानाचं प्रकरण ऐकावं लागलं. त्यांनी मान डोलावली आणि डबा आणला. तेवढ्यात तात्यांचं लक्ष मुलीच्या हातातल्या तुकड्याकडं गेलं. तिनं खालच्या बाजूनं खायला सुरुवात केली होती. दोन खाचांचा भाग तेवढा शिल्लक होता. शेजारी ताटलीत असेच आणखी तीन तुकडे पडले होते.

“हे का ठिवलं गं?”

ती गोंधळली. “खूण दिसली म्हणून. मला वाटलं, हितनं खायाचं न्हाय.”

तात्यांनी डबा उघडून निम्म्या दामट्या त्या घरात ठेवल्या. चहा झाला. निघताना ओट्यावरून उतरता उतरता त्यांनी तिच्या वडलांना विचारलं, “पोरीचं कुठं बोलणं चाललंय का?” त्यांचा मुलगा पोपट तेव्हा लग्नाचा होता. एसटीत बसल्यावर मी म्हणालो, तात्या, एवढ्या घाईनं? ते म्हणाले, “कान ठिवून खाल्लं पोरीनं, मास्तर. आमच्या पोपटानं आजपातुर ठिवला न्हाय.”

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

पोपटबद्दल इथंच सांगून टाकतो. तो बारामतीच्या एका कंपनीत पाळीनं कामाला जायचा, स्वभावानं गरीब, आणि लहानपणापासून नखं खायचा. दहाच्या दहा. तात्यांनी सगळे उपाय केले, कडुलिंबाचा पालाही लावून झाला. त्यांची चिंता पोराची नोकरी किंवा जमीन ही नव्हती. कारभारी माणसानं कान करायचा, आणि पुढच्या कारभाऱ्याला नखच नव्हतं. एकदा बांधावर बसलो असताना त्यांनी मला सरळच विचारलं, “मास्तर, माझ्यामागं कान कोन करंल?” त्यांचा आवाज अगदी साधा होता.

सुरेखानं दोन दिवाळ्यांत बाकी सगळं उचललं. भाजणं, गूळ चिरणं, मुठीची परीक्षा. पिठाला हसवणं तिला तात्यांपेक्षाही चांगलं जमायचं. हे तात्यांनी मला सांगितलं आणि तिला सांगू नका असंही सांगितलं. बेकरीत मोठा पत्र्याचा ट्रे मधे ठेवून ती समोर बसायची, तात्या अलीकडं. ती मुटके करून सरकवायची, तात्या तीन बोटं दाबायचे आणि कान करायचे. कानाचं तिनं कधी मागितलं नाही, तात्यांनी कधी दिलं नाही. सतरा वर्षं.

खूण म्हणजे काय हे तात्या विसरत नसत. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. गाडीतून तीन कार्यकर्ते आले, पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात दोन-दोन मोबाईल. साहेबांना गावठी वस्तू आवडतात. पाहुण्यांना द्यायला दामट्या हव्यात. फक्त त्या खाचांच्या जागी साहेबांच्या नावाचं पहिलं अक्षर काढा, दिसायला भारी दिसेल.

तात्यांनी शांतपणे ऐकलं. “कान कशापायी करत्यात, ठावं हाय का?”

“न्हाय.”

“मेंढरू कुणाचं त्ये कळावं म्हनून. आता माझ्या दामटीवर सायबांचं अक्षर काढलं, म्हंजी दामटी कुणाची झाली?”

“सायबांची,” त्यातला एक उत्साहानं म्हणाला.

“आन् ती खाऊन तुमी कुणाचं मेंढरू झालासा?”

पोरं हसली. मग हसावं की नाही याचा विचार करत गाडीत बसली. त्या वाढदिवसाला केक झाला, असं ऐकलं.

मग ते प्रदर्शन आलं. बारामतीत बचत गटांचं खाद्यप्रदर्शन भरणार होतं. त्याचं नाव फ्लेक्सवर तीन ओळी व्यापत होतं आणि चौथ्या ओळीपासून फोटो सुरू होत होते. शेळगावच्या गटातर्फे सुरेखानं दामटी द्यायचं ठरवलं. तात्या आढ्यताखोर नव्हते, पण या गोष्टीनं ते खूश झाले होते. दोन दिवस ते नख घासत होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डोळ्याला पट्टी, धगीजवळ जायचं नाही, बेकरी बंद. सुरेखा एकटी गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी पट्टी निघाली होती. काळा चष्मा लावून तात्या निघाले. आधाराला म्हणून मी. हॉलमध्ये पोचल्यावर सवयीनं ते दाराशी थांबले, पण चष्म्यातून मोजदाद जमेना, म्हणून थोडे नाराज झाले. आमच्या स्टॉलवर पुठ्ठ्याची पाटी होती: ‘पारंपरिक मेंढपाळ कुकीज’. आयोजकांनी छापलेली.

“काय ल्हिवलंय?” तात्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“कुकी म्हंजी काय केलं?”

सुरेखानं टेबलाखालून खडू काढला, ‘कुकीज’वर काट मारली आणि वर ‘दामटी’ लिहिलं. मग ती जरा बाजूला झाली आणि तात्यांनी टेबलावरच्या परातीत हात घातला. एक दामटी उचलली, सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. मी वाकून पाहिलं. बोटांचे ठसे वरच्या दिशेनं, आणि दोन खाचा सुबक, सारख्या अंतरावर, उजव्या बाजूला. अख्खी परात. सुरेखानं बिनकानाच्या दामट्या गावापुढं मांडायला नकार दिला होता, आणि आपल्या नखानं कान केला होता. कान अंथुर्ण्याचा झाला होता.

तिनं आमचे चेहरे पाहिले. मग परातीकडं पाहिलं. तिचा हात तोंडाशी गेला.

अशा वेळी जे माणूस यायला नको तेच येतं. शेजारच्या स्टॉलवर बबनरावांच्या सुनेच्या कुरडया होत्या, आणि बबनराव फेटा बांधून तिथं खुर्चीवर बसलेले होते. ते उठले. सावकाश आले. परातीवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. काहींना भावकीचं प्रकरण ठाऊक होतं, बाकीच्यांना नुसत्या शांततेवरून कळलं.

“तात्या,” बबनराव म्हणाले, “कान तर आमचा दिसतोय.”

 काळ्या चष्म्यामुळं तात्यांचा चेहरा कळत नव्हता. त्यांनी एकदाच सुरेखाच्या दिशेनं मान वळवली. ती परातीची कड धरून उभी होती. ‘सूनबाईंनी चूक केली’ असं म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. कान वाचला असता आणि बाईचा मान गेला असता. तात्यांनी परातीतली एक दामटी घेतली, तळहातावर पालथी घातली आणि बबनरावांपुढं धरली. खाचा डावीकडं आल्या.

“बबनराव, मेंढरू उताणं पडलंय. उताण्या मेंढराचा डावा कान उजवीकडंच दिसणार. कळप काय इकला, येवढं बी इसरलासा?”

हे साफ खोटं होतं. बोटांचे ठसे असतात ती पाठ, हे त्या दोन्ही घरांना जन्मापासून माहीत. बबनरावांनाही होतं. त्यांनी तात्यांकडं पाहिलं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या सुरेखाकडं. मग तात्यांच्या हातावरची दामटी उचलली आणि खाल्ली. हळूहळू खाल्ली. दोन पिढ्यांनी त्या घरातल्या कुणी तरी पहिल्यांदा खाल्ली असावी.

“आसंल,” शेवटी ते म्हणाले. “उताणं आसंल.” आणि मिशा पुसत म्हणाले, “चव थोरल्या घरची हाय.” ते कुठल्या घराला थोरलं म्हणाले हे त्यांनी स्पष्ट केलं नाही, तात्यांनीही विचारलं नाही. एक दामटी आणखी घेऊन ते आपल्या खुर्चीकडं गेले.

मग तात्या आणि सुरेखा, दोघांनी मिळून परातीतली एकेक दामटी पालथी केली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. हार, फोटो, पुन्हा फोटो. पाहुण्यांनी परात पाहून विचारलं की सगळ्या उलट्या का ठेवल्या आहेत. आयोजकांपैकी कुणी तरी उत्तर दिलं, “परंपरा आहे साहेब.” मग भाषणात पाहुणे म्हणाले की ही पालथी मांडणी म्हणजे धरतीपुढं नतमस्तक होणाऱ्या आपल्या संस्कृतीचं प्रतीक आहे. टाळ्या पडल्या. तात्यांनीही वाजवल्या. सुरेखाला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर ‘कुकीज’ छापलेलं होतं. ते लॅमिनेट केलेलं निघालं, त्यामुळं डब्यात तूप टिपायला कागद म्हणून घालायच्याही उपयोगाचं नव्हतं.

परतताना जीपनं उसाच्या गाड्यांमागून आम्ही सावकाश चाललो होतो. सणसर मागं पडल्यावर सुरेखा तात्यांना म्हणाली, “मामा, चुकलं माझं. न इचारता केलं आन् उलटं केलं.”

तात्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “किती वरसं बसतीयास माझ्यासंगं भट्टीला?”

“सतरा.”

“कुठं बसतीस?”

“तुमच्या म्होरं.”

“म्होरं बसल्यावर मेंढराचा डावा उजवीकडंच दिसणार की. तू बघितलंस तसंच केलंस. ध्यान दिऊन बघितलंस म्हनून तर चुकलीस.” जरा थांबून ते म्हणाले, “तुला शेजारी बसवायची व्हती. सतरा वरसं म्होरं बसवली. चूक माझी हाय.”

सुरेखा बाहेर बघत राहिली. मी भूमितीचा मास्तर, आरशातल्या प्रतिमेचं प्रकरण माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मी इतका शहाणपणा दाखवला आहे.

तात्या पुढच्या उन्हाळ्यात गेले, घरच्या घरी, फार त्रास न होता. तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. म्हणून मला ते आठवतात ते त्याआधीच्या दिवाळीतले, बारामतीच्या त्या बेकरीतले.

मी माझ्या घरचा डबा घेऊन गेलो होतो. रांग नेहमीसारखी बाहेरपर्यंत. आतून चाचांचा आवाज आला, “नानकटाईवाले आले! ट्रे खाली करा!”

“दामटी,” सुरेखा म्हणाली. वर न बघता, नुसती दुरुस्ती केल्यासारखी. चाचांनी मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, “वही तो,” आणि मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

ती ट्रेच्या अलीकडं बसली होती, तात्यांच्या जागेवर. समोर पोपट मुटके करत होता, वाकडेतिकडे, आणि ती त्याला एकेक परत पाठवत होती. तीन बोटं दाबायची, अंगठा वळवायचा, दोन खाचा. डावीकडं. तिच्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं.

तात्या मागं, भिंतीकडेच्या बाकावर, पिठाच्या पोत्यांजवळ बसले होते. डबे घेऊन बसलेल्यांतली एक जण त्यांना म्हणाली, “काय तात्या, आज राखणीला न्हाय का?”

“हाय की. मागनं हाय.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी सरकून जागा दिली. हात मांडीवर ठेवलेले होते, पालथे. मी बघतोय हे त्यांना कळलं असावं, पण त्यांनी हात हलवले नाहीत. मातीनं झिजलेली नऊ नखं, आणि नुकतंच कापलेलं एक.